मंगळवेढ्याची रीत

आत्याबाई, तुमच्या जागेवर आता मी बसते. मधल्या उंबऱ्याला टेकून, एक पाय आतल्या खोलीत आणि एक बाहेरच्या. तुमच्या पाठीनं जिथं भिंतीचा रंग उडाला होता तिथं माझी पाठ बरोबर बसते. चुना मारला तरी तो डाग वर येतोच. इथनं चूल दिसते आणि चाळीचा जिनाही दिसतो. कोण आलं, कुणाच्या हातात काय आहे, कुणाचं तोंड कशानं उतरलंय, सगळं कळतं. तुमचा लेक, माझा नवरा, गेला त्याच्या तेराव्याला बायका मला आतल्या कोपऱ्यात बसवायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आमच्यात विधवा बाई कोपऱ्यात बसत नाही, उंबऱ्यात बसते. त्यांनीच माझं पोतं उंबऱ्यात आणून अंथरलं. हे तुमच्याकडनंच शिकले. रीत सांगायची ती अशी सांगायची, की समोरच्याला वाटावं आपणच अडाणी.

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणजे बरोबरीच झाली. माझी शाळा दुसरीतनं सुटली. आता नातीशेजारी बसून पुन्हा गिरवते. चुकलं की ती तुमच्यासारखीच खेकसते. तिच्या वहीची मागची पानं फाडून घेतलीत, तिला कळलं की भांडेल. पण ह्या संक्रांतीला घरात जे झालं ते तुम्हाला सोडून कुणाला सांगू? ज्यांना सांगावं त्यांना त्याच्या आधीचं काहीच माहीत नाही. मुळापासून सांगत बसले तर म्हणतील, म्हातारी चळली.

मी तुमच्या घरात आले तेव्हा माझे केस कसे होते ते बघितलेलं माणूस आता एकही उरलं नाही. माझ्या लग्नात वेणी घालताना तुम्ही ती हातात धरून तोललीत आणि माझ्या आईला म्हणालात, "ही वेनी हाय का बैलाचा कासरा?" आईला कळेना, कौतुक आहे की खोड काढलीय. मलाही कळलं नाही. तुमचं कौतुक आणि तुमचं टोचणं एकाच तव्यावर भाजलेलं असायचं. तेव्हा मामंजी होते, तुमच्या कपाळाला आडवं ठसठशीत कुंकू होतं, आणि तुम्हीच अबोलीचा गजरा तुमच्या हातानं माझ्या वेणीत माळलात. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. तुम्ही तर ते सोयीनं विसरला होता.

मग ते केस जायला लागले. धाकट्याच्या बाळंतपणाला बरीच वर्षं झाली होती. ताप नव्हता, दुखणं नव्हतं, पोटाला भाकरी होती. तरी फणीत केस, उशीवर केस, पिठात केस. मागचे बाजूचे राहिले आणि मधले गेले. भांग आधी पाऊलवाट होता, मग पांदण झाला, मग त्याच्यावरनं बैलगाडी जाईल एवढी सडक. मी गिरणीत सुताच्या खात्यात होते. दिवसभर कापसाचं तूस उडून डोक्यावर बसायचं, सुटीचा भोंगा झाला की आम्ही सगळ्या म्हाताऱ्या होऊन बाहेर पडायचो. आधी मला वाटलं, गिरणीनं खाल्ले. पण माझ्या डाव्या उजव्या हाताला ज्या बाया काम करायच्या त्यांच्या वेण्या नागिणीसारख्या लोंबत होत्या. तूस तर त्यांच्याही डोक्यावर तेच. मग मी कुणालाच काही म्हटलं नाही. मोरीचं दार लावून विंचरायची, निघालेला गुंता मुठीत धरायची, पदर कपाळापर्यंत ओढून बाहेर यायची. तुमचा लेक एकदा म्हणाला, अलीकडं लई मर्यादेनं वागायला लागलीस. मी म्हटलं, वय झालं. तिशी नुकतीच उलटली होती.

तुम्हाला कसं कळलं ते मला अजून दिसतं. मोरी तुंबलीय. पाणी उंबऱ्याला लागलंय. तुम्ही लुगड्याचा काष्टा खोचून काडी घालताय आणि आतनं निघतोय केसांचा हा एवढा बोळा. तुम्ही तो काडीवर धरून वर केलात आणि मला विचारलंत, "घरात कुत्रं पाळलंय व्हय कुणी?" मी भांडी घासत राहिले. तुम्ही हात धुतलेत, जवळ आलात आणि न विचारता माझा पदर मागं ओढलात. मला वाटलं आता चाळ गोळा होणार. तुम्ही बघत राहिलात. तुम्हाला गप्प बसलेलं मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं. मग पदर परत जाग्यावर ठेवलात, चापूनचोपून, जसं भाकरीच्या टोपल्यावर फडकं घालतात तसं. म्हणालात, "रविवारी गिरणी बंद. न्हाऊन हितं उंबऱ्यात बसायचं, माझ्याकडं पाठ करून." एवढंच. त्या रात्री भाकरीबरोबरचं कोरड्यास नेहमीपेक्षा तिखट होतं.

मग रविवार सुरू झाले. लोखंडी कढईत करडईचं तेल, त्यात माका आणि जास्वंदीची फुलं उकळून काळी केलेली. मी उंबऱ्यात, तुम्ही माझ्या मागं, आणि तुमची बोटं. काय बोटं होती तुमची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढून काढून तिच्याच ताटाच्या पात्यासारखी झाली होती, नुसती फिरली तरी चरचरायचं. पहिल्या रविवारी मी आई गं म्हटलं तर टपली मारलीत. बोटं चालायची आणि तोंडही चालायचं. माझ्या थोरल्या जावेच्या हातच्या वरणाला नावं ठेवून व्हायची, मामंजींच्या आठवणी व्हायच्या, त्यांनाही नावं ठेवून व्हायची. आणि शेवटी गाडी रानावर यायची. तुम्ही म्हणायचा, आमच्याकडं पाऊस पडला तर पडला, रब्बीला नुसत्या ओलीवर पीक येतं. म्हणून पेर विरळ टाकायची. दाट टाकली की ओल पुरत नाही, सगळीच वाळतात. विरळ असली की एकेक ताट कणीस धरतं. हे माझ्या टाळूवर बोट फिरवत सांगायचा. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, माझ्या डोक्यावर कुठलं कणीस लागणार आहे? तुम्ही म्हणालात, तोंड लागलंय तेवढं पुरे.

काय काय केलंत तुम्ही. एक वैदू आणलात, त्यानं कसलातरी लेप दिला, त्यानं डोक्याला फोड आले. दुसऱ्यांदा तो गल्लीत दिसला तेव्हा तुम्ही उलथनं घेऊन जिना उतरलात. विंचरलेल्या केसांच्या बदल्यात सुया-दाभण देणारी बाई ओरडत आली की तिला जिन्यातनंच परत लावायचा. बाकीच्या बाया आपापले गुंते घेऊन धावायच्या, पण आपल्या घरात किती निघतात ते तिच्या तराजूला कळायला नको होतं तुम्हाला. ते केस तुम्ही चाळीमागच्या शेवग्याच्या मुळाशी पुरायचा. पुढच्या वर्षी त्या शेवग्याला अशा शेंगा लागल्या की फांदी मोडली. तुम्ही शेंगा ओच्यात घेऊन आलात आणि म्हणालात, "झाडाला लागू पडलं बघ. तुला न्हाई." मी हसले. केस जायला लागल्यापासून मी पहिल्यांदा हसले होते, आणि तुम्ही मुद्दाम हसवलंत हे मला फार उशिरा कळलं.

मोठ्या दवाखान्यातही नेलंत. तिथं डॉक्टरनं पदर काढायला लावला, दोन पुरुष माणसं बघत उभी. त्यानं पाळीचं विचारलं, पोरांचं विचारलं, डोळ्याखालची कातडी ओढून बघितलं. म्हणाला, कारण काही सापडत नाही, काही काही बायकांचं होतं असं. परत येताना मी पदराआड रडत चालले होते. रडायला येत होतं ते केसांसाठी नाही. कारणच नाही म्हटल्यावर करायचं काय, कुणाला शिव्या द्यायच्या, काय सोडायचं, काय खायचं. चाळीतल्या बायकांकडं तर कारणं ढिगानं असतात. हिनं शुक्रवारी न्हाणं चुकवलं असेल, हिनं दिवेलागणीला विंचरलं असेल, हिनं कुणाचंतरी वाईट केलं असेल. तुम्ही पुढं चालत होता. मागं न बघता म्हणालात, "त्यो शिकलेला मानूस कारण न्हाई म्हनतोय. कारण न्हाई म्हंजे तुजा गुन्हा बी न्हाई. चल पाय उचल, चूल थंड पडलीय."

आत्याबाई, पुढं मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या. कीर्तनं ऐकली, पोथ्या ऐकल्या. एवढं नीट कुणीच सांगितलं नाही.

पण डोकं झाकून कुठवर झाकणार. पदरानं रोजचं भागतं, फूल माळायची वेळ आली की भागत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळ्या चाळीच्या बाया आपल्या खोलीत. तुम्ही तेव्हा विधवा झालेल्या, करंड्याला हात लावायचा नाही, म्हणून तुम्ही इथं उंबऱ्यात. तुमच्या हाताला बंदी होती, तोंडाला कुणी घालणार होतं? शेजारची तेलगू अक्का, मागावर बसणाऱ्या विणकराची बायको, अबोलीची वेणी घेऊन आली. त्यांच्यात बाई फुलांशिवाय अंगणातही येत नाही. मायेचीच बाई ती. तिनं मला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, केसांचा आकडा दातात धरला आणि वेणी माळायला माझ्या पदराला हात घातला. मी दगड झाले. पदर अर्ध्यापर्यंत सरकला असेल नसेल, आणि तुमचा आवाज आला.

"हात खाली घे. आमच्यात फूल केसात माळत न्हाईत. वटीत घालत्यात."

अक्का तशीच उभी, आकडा दातात. म्हणाली, "वटीत घालून काय करायचं वो, भाजी?" बाया हसल्या. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "मंगळवेढ्याला जाऊन इच्यार. आमच्या घरान्याची रीत हाय. एकीनं मोडली व्हती. तिचं काय झालं त्ये सनासुदीचं मी तोंडानं सांगत न्हाई." खोलीत गार वारा शिरल्यासारखं झालं. अक्कानं आकडा दातातनं काढला आणि वेणी दोन्ही हातांनी माझ्या ओटीत ठेवली, वर नमस्कार केला. मी मान खाली घालून उभी. अशी काही रीत आपल्या घराण्यात आहे हे मलाही तेव्हाच कळत होतं. तुम्हालाही तेव्हाच कळलं होतं, नाही का.

आणि मग तुम्हाला ती पाळावी लागली. खोटं बोलणं सोपं, ते रोज दाणापाणी घालून जगवणं अवघड. एका सुनेला नाही तर कुणालाच नाही. आपल्या घरी येईल त्या बाईला फूल ओटीत. थोरल्या जावेला ओटीत. पुढच्या पंचमीला वन्सं करकंबहून माहेरपणाला आल्या, त्यांनाही ओटीत. त्यांचे केस तर तुमच्यासारखेच गुडघ्याला टेकणारे. त्या तुमच्या पोटच्या, त्यांनी बरोबर धरलं. "आई, आपल्यात ही रीत कवापासनं आली?" तुम्ही भाकरी थापत होता, थापायची थांबला नाहीत. "तू सासरी गेलीस तवापासनं." वन्सं चिडल्या. सून आल्यावर लेकीचं फूलसुद्धा जड झालं का, असं म्हणाल्या. चार दिवस राहायला आलेल्या, संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. तुम्ही इथं बसून जिन्याकडं बघत राहिलात. एका शब्दानं सांगितलं असतंत तर वन्सं राहिल्या असत्या. मी म्हटलंही तुम्हाला, सांगून टाकते मी. तुम्ही म्हणालात, तुझं डोकं आहे, चव्हाटा नाही. रविवार आला तसं तेल गरम केलंत. त्या दिवशी तुमच्या बोटांत जोर नव्हता. तोंडही बंद होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी तुमचे केस धुतले. त्या वयातही दाट, पांढरे, ओले झाले की दोरखंडासारखे जड. खरं सांगते, मला हेवा वाटला. मेलेल्या बाईचा हेवा. ज्या बाईला फूल माळायची बंदी तिला एवढे केस, आणि माझ्या कपाळाला कुंकू तर डोक्यावर ओसाड माळ. देवाला हिशोब येत नाही हे मला त्या दिवशी पटलं, ते अजून पटलेलंच आहे.

तुमची रीत मात्र राहिली. चाळीत तिला मंगळवेढ्याची रीतच म्हणतात. मधल्या काळात नवे भाडेकरू आले, त्यांना वाटलं हीच शुद्ध पद्धत, त्यांनीही उचलली. जिन्याच्या टोकाची एक आहे, तिनं मंगळवेढं कधी बघितलेलं नाही, पण कुणी केसाला हात लावला तर असं डोळे वटारते की तुम्ही बघायला हव्या होता. तुमचा लेक गेल्यावर मला तिची गरज उरली नव्हती. विधवेला कोण फूल माळायला येतंय. मोडता आली असती. पण आत्याबाई, तुमची दोन लुगडी होती ती विरली, कढईला भोक पडलं, शेवगा रस्त्यात आला म्हणून तोडला. ह्या घरात तुमचं जे उरलं होतं ते एवढंच. हळदीकुंकवाच्या दिवशी कुणीतरी म्हणायचं, आमच्यात ओटीत घालतात, आणि मला इथं बसून वाटायचं, तुम्हीच बोललात. ते ऐकायला मी वर्षभर वाट बघायची. मग मी कशाला मोडू?

भोगलं ते माझ्या सुनेनं. ती वैरागच्या बाजारातल्या दुकानदाराची लेक. आली तेव्हा केस कमरेखाली आणि हौस त्याच्याही खाली. पहिल्या संक्रांतीला ओटीत फूल पडलं तेव्हा तिचे डोळे भरले. तिच्या आईनं मला विचारलं, "बाईनं फूल माळलं तर तुमचा देव कोपतोय व्हय?" मी म्हटलं, देव नाही, सासू कोपते. पोरगी गुणाची, उलट बोलली नाही. पण माझ्या लेकाबरोबर सिनेमाला जायची तेव्हा गजरा माळायची आणि येताना चाळीच्या तोंडाशी काढून टाकायची. तिला वाटायचं मला कळत नाही. मोगऱ्याचा वास जिना चढून आधी येतो आणि माणूस मागनं. मी इथनं म्हणायची, आज बागेतनं सिनेमा दाखवला वाटतं. ती लाजून आत पळायची.

परवाच्या दुष्काळात आम्ही सगळ्यांनी रेशनवरची तांबडी ज्वारी खाल्ली. तेव्हा चाळीतल्या बऱ्याच बायकांचे केस गळले आणि पुढं पावसाबरोबर परत आलेही. हिचे तेव्हा हललेसुद्धा नाहीत. सगळं ठीक झाल्यावर, पोटभर खायला मिळायला लागल्यावर हिचं सुरू झालं. हे मी आता म्हणते. तेव्हा मी एवढंच बघत होते की ही मोरीत लई वेळ लावते, दार लावून घेते, मी बाहेरनं ओरडते की आत लग्न लागतंय का. भांग मधला मोडून बाजूला पाडायला लागली, मी म्हटलं सिनेमाचं वेड. केराच्या टोपलीत कागदाच्या पुड्या दिसायच्या, सोडून बघितल्या नाहीत. सगळं मी स्वतः केलेलं आणि माझ्याच डोळ्याला दिसलं नाही. तुमची जागा घेतली, नजर कुठनं आणू.

ह्या संक्रांतीला खालच्या मजल्यावर नवीन आलेली एक बाई हळदीकुंकवाला आली. पुण्याकडची, बोलायला गोड. तिला कुणी रीत सांगितलेली नव्हती. तिनं मोगऱ्याचा गजरा घेतला आणि हसत सुनेच्या डोक्याकडं हात नेला. मी मनात म्हटलं, आता बघू, माझी सून मजा करणार. दहा वर्षं ती ह्या संधीची वाट बघत असेल. तर सून अशी झटक्यात मागं सरली की हातातला करंडा तबकावर आपटला.

"नका वो. आमच्यात वटीत घालत्यात."

आत्याबाई, तो तुमचा आवाज होता. शब्द तर तेच, पण त्याच्या मागं जी घाबरलेली धार होती ती मी एकदाच ऐकली होती, त्या अक्काच्या वेळी. तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही दरडावताय. आता कळलं, तुम्ही घाबरला होता. माझ्यासाठी घाबरला होता. आणि बोलताना सुनेचा डावा हात आपोआप वर गेला आणि भांगावर बसला. तो हात मी ओळखते. तो माझाच हात आहे.

बायका गेल्या. रविवारी माझा लेक नातीला घेऊन तळ्याकडं फिरायला गेला, तेव्हा मी कढई ठेवली. माका बाजारातनं आणून ठेवला होता. वास सुटला तशी ती आतनं बघायला आली. मी म्हटलं, न्हाऊन ये आणि इथं बस, माझ्याकडं पाठ करून. ती म्हणाली, माझं मी बघते. मी म्हटलं, बस. ती म्हणाली, नको म्हटलं ना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला तिनं. मग खालीच बसली, भिंतीला टेकून, आणि सगळं बाहेर आलं. लेकाला न सांगता दवाखान्यात जाऊन आली होती. रक्त काढलं, तपासलं, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. शक्तीची बाटली दिली, ती गव्हाच्या डब्यात लपवलीय. मग मला विचारलं, "आत्या, माज्या हातनं काय चुकलं असंल वो?"

मी तुमचं वाक्य दिलं तिला. कारण न्हाई म्हंजे तुजा गुन्हा बी न्हाई. जसंच्या तसं. पण ते माझ्या तोंडून लागू पडलं नाही. ती मान हलवत राहिली. म्हणाली, तुम्हाला काय कळणार, तुमचं आपलं पदराआड सगळं झाकून गेलं. बरोबरच होतं तिचं. एका छपराखाली एवढी वर्षं काढली, तिनं माझं डोकं बघितलेलं नाही. तुमच्या लेकानं बघितलं नाही. तुम्ही गेल्यावर आरशाशिवाय कुणीच नाही.

मी पदर काढला. मला वाटलं होतं सोपं जाईल. म्हातारीच्या डोक्याची कुणाला पडलीय. पण हात वर जाईना. शेवटी गेला. दुपारचं ऊन जिन्यातनं येत होतं, ते थेट टाळूवर लागलं. केवढं गरम असतं ते, मी विसरून गेले होते.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "ह्ये कवापासनं?" मी म्हटलं, "तू जल्मायच्या आधीपासनं." तिच्या तोंडावर काहीतरी जुळत चाललेलं मला दिसत होतं. म्हणाली, "मंग ती मंगळवेढ्याची रीत?" मी म्हटलं, "मंगळवेढ्याला कोन बाई फूल वटीत घेती? तितं बी केसातच माळत्यात."

आधी ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. मग ते हसणं कधी बदललं कळलं नाही. मग डोळे पुसून एकदम चिडली. "दहा वर्सं मी फुलं वटीत घेतली वो. दहा वर्सं." मी म्हटलं, व्हय. आणि तुमची सगळी गोष्ट सांगितली, मोरीच्या बोळ्यापासनं वन्सं संध्याकाळच्या गाडीनं गेल्या तिथपर्यंत. शेवग्याचं ऐकून पुन्हा हसली. मग मी म्हटलं, आता तुला कळलंय, तू घरची बाई आहेस, मोडून टाक ती रीत. उद्या पोरगी मोठी होईल, तिला कशाला. कढईतलं तेल निवत चाललं होतं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्या. पोरीला काय आजच माळायचं न्हाई. आता मला लागंल ती."

न्हाऊन आली आणि उंबऱ्यात बसली, माझ्याकडं पाठ करून. मी तिच्या डोक्याला बोटं लावली. माझी बोटं गिरणीतल्या सुतानं गुळगुळीत झालेली, चरचरत नाहीत. मी तिला विरळ पेरणीचं सांगितलं. तिनं विचारलं, मग केस येतील का परत? मी म्हटलं, माझे आले नाहीत, तुझे येतील की नाही मला माहीत नाही. पण रविवार येतो. हे तुम्ही सांगितलेलं नव्हतं. माझं मीच बोलले, आणि बोलल्यावर वाटलं, तुम्हाला पटलं असतं.

तिचं झाल्यावर तिनं वाटी माझ्या हातनं घेतली आणि म्हणाली, वळा. मी म्हटलं, माझ्या डोक्याला आता काय करायचंय. म्हणाली, वळा म्हनते न्हवं. वळले.

तेलाच्या बाटलीचं बूच पोरीनं कुठंतरी हरवलंय. ह्या कागदांची सुरळी त्या बाटलीच्या तोंडात बसते, बघितलं मी लावून. धाडायचं तरी कुठं होतं. त्याआधी एकच लिहायचं राहिलं, ते लिहून कागद वळते. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं, घरात कुणी नसलं की मी रविवारी न्हाऊन उंबऱ्यात बसायची, आत पाठ करून, थोडा वेळ. आता सून मागं बसते. तिचे हात मऊ आहेत, जपून लावते, मला दुखू नये म्हणून. मी तिला बरं वाटतंय म्हणते. आत्याबाई, मला दुखायला हवं होतं.